प्रश्नाखालची ओळ

धाकटीची लिंक आली तेव्हा माझ्या खुर्चीत एक निवृत्त बँकवाले बसले होते आणि मी त्यांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं सरकवत विचारत होतो, हे बरं की आधीचं बरं? एकतीस वर्षं मी दिवसातून पन्नासदा हा प्रश्न विचारत आलोय. लोक बिचारे इतके गंभीर होऊन उत्तर देतात की वाटावं, चुकलं तर यांना घरी पाठवणार. खिशात फोन थरथरला. गिऱ्हाईक खुर्चीत असताना फोन बघायचा नाही हा माझाच नियम, पण थोरली आजारी पडल्यापासून माझा हात माझं ऐकत नाही. 'बाबा, ताईचा रिपोर्ट आल्यापासून झोप नाही. मला पण ती तपासणी करायचीय, पण हॉस्पिटलात चार महिन्यांनंतरची तारीख देतायत. हा ऑनलाइन फॉर्म सापडला, ज्यू लोकांसाठी आहे, किट घरी येतं. आजोबा ज्यू होते ना? मग आपल्याला चालेल ना? वाचून ठेवा, संध्याकाळी फोन करते.' त्याखाली त्या पानाचं छोटंसं चित्र होतं. निळी पट्टी, तीन पिढ्यांच्या तीन हसऱ्या बायका. मी त्या बायकांना ओळखलं. सहा वर्षांपूर्वी याच दुकानात, याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्या अशाच हसत होत्या. "आधीचं बरं," बँकवाले म्हणाले, आणि मला आठवेना आधीचं म्हणजे कुठलं.

त्यांना कसंबसं वाटेला लावलं. दाराची पाटी फिरवून 'बंद'ची बाजू बाहेर केली आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. पान उघडलं. वर माहिती होती, सोप्या शब्दांत, पेशंटला घाबरवायचं नाही अशा बेताने लिहिलेली. काही ज्यू समूहांत चाळिसांतल्या साधारण एका माणसात जनुकातला एक बदल असतो, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. बाप असो की आई, दोघांकडूनही तो मुलांत उतरू शकतो, निम्मी निम्मी शक्यता. आधी कळलं तर करण्यासारखं बरंच काही असतं. करण्यासारखं बरंच काही. मग फॉर्म सुरू होत होता, आणि पहिलाच प्रश्न, चांगल्या ठळक अक्षरात: तुम्ही ज्यू आहात का? पुढे दोन गोल, हो आणि नाही. तो प्रश्न मला तोंडपाठ होता. पण त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. पांढऱ्यावर फिकट राखाडी, अक्षर असं की पन्नाशीच्या पुढचा माणूस हमखास ओलांडून जाईल. 'तुम्ही धर्म पाळता की नाही, किंवा धर्माच्या नियमाने तुम्ही ज्यू ठरता की नाही, याचा इथे संबंध नाही. आई किंवा वडील, कोणत्याही बाजूच्या चार आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू वंशाचे असतील, तर हो निवडा.' मी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग मूर्खासारखा उठून हात धुऊन आलो.

सहा वर्षांपूर्वी थोरली एकतीस वर्षांची होती. बसच्या ऑफिसात वेळापत्रकं बनवायची. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती मिनिटांनी येणार हे ठरवणारी माणसं असतात, त्यांतली ती एक. तिचं सगळं वेळेवर. चष्म्याची नाकाजवळची रबरं बदलायला ती आली होती, आणि मी ती बदलत असताना तिने माझ्या कॉम्प्युटरवर हे पान उघडलं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. "बाबा, आपण ज्यू का?" तिने विचारलं, जसं कुणी विचारावं आपल्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का. मी म्हणालो, "तुझे आजोबा होते. आपण नाही." "म्हणजे अर्धे?" "यात अर्धं नसतं. आईकडून असतं. माझी आई नव्हती, म्हणून मी नाही. मी नाही, तुझी आई नाही, मग तू कुठून असणार?" ती म्हणाली, "पण इथे विचारलंय, काय लिहू?" तिचा हात माउसवर अडखळला होता. ती पुढे वाचणार होती. आज मला शपथेवर सांगता येईल की ती वाचणारच होती, वेळापत्रकवाली पोरगी, तळटिपा वाचणं हा तिचा धंदा. मी वाकलो, तिच्या हाताखालून माउस काढून घेतला आणि 'नाही'वर टिचकी मारली. पान बदललं. धन्यवाद, या कार्यक्रमासाठी आपण सध्या पात्र नाही. मी म्हणालो, "बघ, यांनी पण नाही घेतलं आपल्याला." ती हसली, मीही हसलो. मग मी तिच्या नाकावर चष्मा बसवला आणि म्हणालो, "तुझ्या आईकडच्या सगळ्या नव्वदी गाठणाऱ्या. तू कशाला नसती काळजी करतेस?" ती बस पकडायला पळाली.

'यांनी पण.' हा 'पण' कुठून आला होता ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तो मनात वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. माझे वडील गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. त्यांच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ जमले होते. वडिलांचे दोन मित्र, शेजारचा शिंपी, काही ओळखीचे, काही नुसतेच चांगले लोक. मी त्यांच्यात उभा होतो, खड्ड्याच्या सगळ्यात जवळ. डोक्यावर ऊन, पायात वडिलांचेच बूट, कारण माझे काळे बूट फाटले होते. सगळे थांबले होते. मला कळेना कशासाठी. मी मोजले, मला धरून दहा होते. पुन्हा मोजले. मग म्हातारे प्रार्थना सांगणारे माझ्याजवळ आले, आणि ते फार मायेने बोलले, तेच तर वाईट होतं. ते खेकसले असते तर मी त्यांचा राग धरून मोकळा झालो असतो. म्हणाले, "बाळा, तू मुलगा आहेस, तुझं दुःख सगळ्यांत मोठं. पण तुझी आई आपल्यातली नव्हती ना. मोजताना तुला धरता येत नाही." मग एकाला रस्त्यावर पाठवलं. तो अर्ध्या तासाने एका परक्या माणसाला घेऊन आला, कुठल्याशा औषध कंपनीचा विक्रेता, हातात नमुन्यांची बॅग. त्याने माझ्या वडिलांना कधी पाहिलंही नव्हतं. तो दहावा. तो आला आणि प्रार्थना सुरू झाली. त्याने जाताना माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

तेव्हापासून कुठल्याही कागदावर, कुणाही माणसाने विचारलं की मी 'नाही' म्हणत आलो. ताठ मानेने, जरा चवीनेही. हक्काने मिळालेलं माझं तेवढंच होतं. त्यांचा नियम मी त्यांच्यापेक्षा कडक पाळला. आता वाटतं, ते म्हातारे तरी नियम सांगताना डोळ्यांत पाणी आणून उभे होते. मी तर हसत हसत टिचकी मारली. रक्ताला कुठे ठाऊक होतं की मला मोजायचं नाही. ते मला धरून मोजत राहिलं, माझ्यातून थोरलीत गेलं, आणि मी इथे बसून लोकांना विचारत होतो हे बरं की आधीचं बरं.

मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पोरीचं दुःख बाजूला राहिलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही राखाडी ओळ तेव्हा नसेलच. पानं बदलतात, कुणीतरी चूक दाखवली असेल, नंतर घातली असेल. तसं निघालं तर मी सुटलो. इंटरनेटवर जुनी पानं साठवून ठेवणारी एक जागा आहे, एका गिऱ्हाइकाने मला कधीतरी दाखवली होती. पत्ता टाकायचा, वर्ष निवडायचं, की त्या दिवशी पान जसं होतं तसं समोर येतं. मी तारीख शोधायला लागलो. रबरं बदलल्याची नोंद माझ्या वहीत होती, मी सगळ्याच्या नोंदी ठेवतो, तिच्याही. एवढी वर्षं दुकानात देव नाही ठेवला कुठलाच, पण त्या पाच मिनिटांत मी ज्याला म्हणून हात जोडता येतील त्या सगळ्यांना जोडले. नसू दे. ती ओळ नसू दे. पान हळूहळू भरायला लागलं. आधी निळी पट्टी आली, मग तिघी बायका वरून खाली उमटल्या, मग प्रश्न आला, मग दोन गोल. त्याखाली थोडा वेळ पांढरंच होतं. मी श्वास सोडला. मग ती आली, तशीच, तेवढीच, शब्दालाही फरक नाही. त्या दिवशी ती तिथे होती, माझ्या नाकापासून दीड हातावर, आणि मी तिच्यावरूनच माउस नेला होता.

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. मी हात हलवून खूण केली, बंद आहे. एक बाई होती, तुटलेली दांडी दाखवत होती, मी तिच्याकडे नुसताच बघत राहिलो आणि ती घाबरून निघून गेली. मला माझी आत्या आठवत होती. वडिलांची बहीण, एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. तिच्या घरी पडदे ओढलेले असत आणि मला बाहेरच्या खोलीतच बसवत. मोठी माणसं म्हणायची, बायकांचं दुखणं. वडिलांची आई त्रेचाळिसाव्या वर्षी गेली, पोटात पाणी झालं म्हणायचे. बायकांचं दुखणं. ते बायकांकडून बायकांकडे जात असणार, मध्ये पुरुषाचा काय संबंध, असं मी धरून चाललो होतो, इतकं धरून की त्याचा कधी विचारही केला नाही. दोघी माझ्या डोळ्यांसमोरच होत्या. कुणी विचारलं असतं तर वयं सांगता आली असती. फॉर्म तेच विचारणार होता, पुढच्याच पानावर. पुढचं पान उघडलंच नाही, कारण मी उघडू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी थोरलीचं कळलं तेव्हा ते पोटभर पसरलं होतं. दोन ऑपरेशनं झाली. औषध बदलून बघू, असं आता डॉक्टर म्हणतात आणि म्हणताना कागदांकडे बघतात. शुक्रवारी तिचा रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात तो बदल सापडला. तेव्हापासून घरात कुणीच विचारलेलं नाही की हा कुणाच्या बाजूचा. ही, माझी बायको, तर आपल्या नव्वदीच्या आईला फोन करून करून रडते आणि माझ्याकडे बघत नाही. कदाचित बघतही असेल, मीच बघत नाही.

मी पान छापून घेतलं. का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं आणि मी स्वतःला कळू देत नव्हतो. थोरली आठवडाभर म्हणत होती, "बाबा, औषधाने डोळ्यांचं काहीतरी झालंय, अक्षरं पोहतात, नंबर काढून द्या ना." मी आज उद्या करत होतो. तिच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायची माझी छाती होत नव्हती. आता मी भिंगांची पेटी काढली, तपासायची जड फ्रेम फडक्यात गुंडाळली, कागदाची घडी खिशात घातली आणि भरदुपारी दुकान सोडून निघालो. चौथ्या मजल्यावर तिचं घर. लिफ्ट चालू होती, तरी मी जिन्याने गेलो, जरा उशीर व्हावा म्हणून. जावई कामावर होता. ही दार उघडून म्हणाली, "बरं झालं आलात, मी केमिस्टकडे जाऊन येते," आणि पिशवी घेऊन उतरली. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, डोक्याला सुती रुमाल, पायांवर शाल. मांडीवर तिच्या ऑफिसचं जुनं वेळापत्रक. घरी बसून अजून ते सुधारत असते, कुणी सांगितलेलं नसताना. "आलात एकदाचे," ती म्हणाली. "स्वतःच्या पोरीला ताटकळत ठेवलंत. गिऱ्हाईक असते तर दुसरं दुकान धरलं असतं."

मी तिच्या चेहऱ्यावर फ्रेम चढवली. कानामागे हाडाशिवाय काही उरलं नव्हतं, फ्रेम घसरायची, मी रुमालाच्या कडेत अडकवली. लांबचं आधी बघितलं, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला लावून. एक डोळा झाकला, भिंग घातलं. हे बरं की आधीचं बरं? हे. आता? आधीचं. ती लहान होती तेव्हा मुद्दाम उलटं उत्तर द्यायची आणि मी खोटं रागवायचो. आज ती सगळी उत्तरं खरी देत होती. तिचे डोळे माझ्यापासून वीतभर लांब होते, पापण्या झडलेल्या, आणि त्या डोळ्यांना मी सोडून दुसरं बघायला काही नव्हतं. "आता जवळचं," मी म्हणालो. वाचायचं कार्ड पेटीतच होतं, झाकणाच्या खणात, नेहमीच्या जागी. मी खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्या हातात दिला. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. माझ्यासारखा भित्रा बाप दुसरा कुणी असेल तर मला दाखवा.

"मोठ्याने वाच," मी म्हणालो.

"तुम्ही ज्यू आहात का," तिने वाचलं. "हे काय बाबा? हे तर ते तेव्हाचं."

"खाली वाच. बारीक."

तिने कागद जवळ घेतला, मग लांब केला, जसं आम्ही लोकांना करायला सांगतो. "तुम्ही धर्म पाळता की नाही." थांबली. "किंवा धर्माच्या नियमाने." मग ती मोठ्याने वाचायची बंद झाली. ओठ हलत होते. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, ते डावीकडून उजवीकडे गेले, खाली आले, पुन्हा डावीकडून उजवीकडे गेले. शेवटाला पोचले आणि परत सुरुवातीला गेले. भिंगं बरोबर बसली होती. तिला प्रत्येक अक्षर दिसत होतं.

"हे तेव्हा होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"कशावरून?"

"जुनं पान मिळतं. आज सकाळी काढून बघितलं. त्या तारखेचं."

"म्हणजे आधी ते बघितलंत." तिला बाकी काही सांगावं लागलं नाही. तिने कागद वेळापत्रकावर ठेवला, कडेला कड जुळवून. खाली कुणाच्यातरी गाडीचा दरवाजा लागला. मला बोलायचं होतं, ते नऊ जण, वडिलांचे बूट, नमुन्यांची बॅग, सगळं तिच्यापुढे ओतायचं होतं, पण हे सगळं तिच्या पायांवरच्या शालीपुढे इतकं क्षुल्लक दिसत होतं की माझी मलाच किळस आली. मी नुसतं म्हणालो, "चुकलो मी." पाय कुणाला लागला तरी आपण हेच म्हणतो.

"तुम्ही हसला होतात," ती म्हणाली.

"आपण दोघंही हसलो होतो गं."

"मी तुमच्याकडे बघून हसले."

ती रडली नाही. ती रडेल, ओरडेल, कागद फाडेल याची मी तयारी करून आलो होतो. ती हे काहीच करणार नाही, याची नव्हती. ती तशीच बसून राहिली, चेहऱ्यावर ती जड काळी फ्रेम, आणि त्या गोल भिंगांमागे तिचे डोळे खरे होते त्यापेक्षा मोठे दिसत होते. मला एकदा वाटलं तिचा हात धरावा. माझा हात निघाला आणि अर्ध्यावर राहिला, कारण याच हाताने माउस काढून घेतला होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतो. मग ती म्हणाली, "तुम्हाला हे आज का आठवलं?" मी धाकटीचा मेसेज दाखवला. तिने तो पूर्ण वाचला. ती कुठलीही गोष्ट पूर्णच वाचते.

"ती भरणारे?"

"संध्याकाळी फोन करते म्हणालीये. म्हटलं, मी भरून ठेवतो, म्हणजे तिला..."

"तुम्ही नाही भरायचा," थोरली म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही हात लावायचा नाही. फोन द्या इकडे." मी फ्रेम काढायला वाकलो तर तिने मान मागे घेतली. "राहू द्या. हिच्यातून दिसतंय."

मी फोन दिला. तिने पान उघडलं, दोन्ही अंगठ्यांनी अक्षर मोठं केलं. पहिला प्रश्न तिने मला विचारलाच नाही. तिने 'हो'वर बोट ठेवलं आणि क्षणभर तसंच दाबून धरलं. पान बदललं, आणि या वेळी पुढचं पान आलं. धाकटीचं वय, उंची, पत्ता तिने आपणहून भरलं. मग मान वर न करता विचारायला लागली, बसच्या ऑफिसात फोनवर विचारत असेल तशी. "वडिलांच्या बाजूचं कोण कोण?"

"माझी आजी. वडिलांची आई."

"काय झालं होतं?"

"पोटात. पाणी झालं होतं. नाव कुणी घेतलं नाही."

"अंडाशय लिहिते, शंका असेल तर तसं लिहा म्हणतायत. वय?"

"त्रेचाळीस."

"अजून?"

"आत्या. छातीचं. एकोणचाळीस."

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत होतं."

तिने लिहिलं. अंगठा हळू चालत होता, औषधांनी तिची बोटं बधिर झाली आहेत. "भावंडं," तिने वाचलं. मी खिडकीकडे बघायला लागलो. समोरच्या पाटीवरचं मला एक अक्षर लागत नव्हतं. "बहीण, एक," ती म्हणाली. "अंडाशय. निदान झालं तेव्हा वय, पस्तीस. सध्याचं वय, सदतीस." त्याच आवाजात, आजीनंतर, आत्यानंतर. पुढे आणखी एक रकाना असणार, गेल्या तेव्हाचं वय, आजी आणि आत्याच्या ओळीत तो भरलेला आणि तिच्या ओळीत रिकामा. तिथे तिचं बोट थोडं थांबलं, मग पुढे सरकलं.

खाली हिची पावलं वाजली, जिन्यात पिशवी टेकल्याचा आवाज आला. थोरलीने फोन माझ्यापुढे धरला. "पाठवायच्या आधी सगळं एकदा तपासून घ्या म्हणतायत. वाचा." मी फोन घेतला. माझा चष्मा वर सरकवला, खाली घेतला, डोळे पुसले, पुन्हा लावला. "मोठ्याने," ती म्हणाली. मी धाकटीचं नाव वाचलं, पत्ता वाचला, माझ्या आजीचं वय वाचलं, आत्याचं वाचलं. सदतीस वाचलं. वाटलं झालं, आणि तिच्याकडे बघितलं. ती त्या मोठ्या भिंगांतून माझ्याकडेच बघत होती.

"खालचं पण," ती म्हणाली. "बारीक आहे ते."

मी वाचायला लागलो.